शब्दवेध : मुद्रा

संस्कृत ‘मुद्रा’ म्हणजे ठसा किंवा शिक्का, आणि तो उमटवणारी अंगठी म्हणजे ‘मुद्रिका’. संतपरंपरेत हा शिक्का शब्दरूप झाला, कारण अभंगाच्या अखेरीस गुंफलेल्या कवीच्या नावास ‘नाममुद्रा’ म्हटले जाऊ लागले. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे ज्यांचे जन्मगाव मानले जाते, त्या संत नामदेवांची (१२७०–१३५०) नाममुद्रा ‘नामा’ अशी आहे. तथापि पुढील काळातील विष्णुदास नामा यांच्या रचनाही नामदेवांच्या गाथेत मिसळल्याने कोणता अभंग कोणाचा, हा संशोधकांपुढील वादाचा विषय ठरला. यंत्रयुगात याच शब्दापासून ‘मुद्रण’, ‘ध्वनिमुद्रण’ आणि ‘ध्वनिमुद्रिका’ हे शब्द घडले. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात, म्हणजे कलाकृतीच्या प्रती काढण्यासंबंधीच्या हक्काच्या कायद्यात, गीत, चाल आणि ध्वनिमुद्रण यांवरील हक्क वेगवेगळे मानले आहेत. म्हणून नामदेवांचे शब्द सर्वांना खुले असले, तरी आजच्या संगीतकाराने त्यांना दिलेल्या नव्या चालीवरील हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. याच कायद्याच्या कलम ५७ नुसार, प्रताधिकार विकल्यानंतरही आपले कर्तृत्व सांगण्याचा कर्त्याचा हक्क अबाधित राहतो. नाममुद्रा शतकानुशतके जे काम करीत आली, त्यालाच कायद्याने उशिरा मान्यता दिली, असे म्हणणे योग्य ठरेल.