नांवाचा बिल्ला

जालना जिल्ह्यांत भोकरदन तालुक्यांत असई नांवाचें एक खेडें आहे. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यांत २३ सप्टेंबर १८०३ रोजीं वेलस्लीची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं गांठ पडली. कंपनीच्या सैन्याचे ४२८ लोक ठार झाले. त्यांत हिंदी शिपाईही होते. मराठ्यांकडील मृत व जखमी मिळून अदमासें ६,००० होते. कर्नल मॅक्सवेल पडला, हें इतिहासानें नांवानिशीं लिहून ठेविलें. साधा शिपाई मात्र गेला तो आंकडा होऊन.

पुढें याच जालन्यास निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. त्या फौजेच्या रिसाल्यांतून घडलेलें विसावें डेक्कन हॉर्स १४ जुलै १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोमच्या रणांगणांत लढलें. तोंपर्यंत ब्रिटिश लष्करांत शिपायाच्या गळ्यांत ओळखीचा बिल्ला आला होता. त्यावर नांव, क्रमांक, पलटण आणि धर्म हीं असत. धर्म अशासाठीं कीं, अंत्यविधि कोणता करावा हें कळावें. परंतु बिल्ला एकच. मृत्यूची नोंद करण्याकरितां तो काढून घेतला, म्हणजे देह निनांवी उरे. शिवाय तो दाबीव तंतूंचा. चिखलपाण्यांत टिकेल कसा? म्हणून कित्येक शिपायांनीं आपला बिल्ला आपणच केला. एखादें नाणें घांसून सपाट करावें, ठशानें एकेक अक्षर ठोकावें, भोंक पाडून तें मनगटास बांधावें. अखेर सप्टेंबर १९१६ मध्यें लष्करानें दोन बिल्ले ठरविले. एक देहापाशीं राहावयाचा, दुसरा परत यावयाचा.

ही धडपड कशासाठीं? दक्खनच्या एखाद्या घराची कल्पना करा. निश्चित वार्ता आली नाहीं, तर दहावा कोणत्या दिवशीं करावा? सुनेनें कुंकू ठेवावें कीं पुसावें? त्या लहानशा चकतीवर साऱ्या घराचें जिणें टांगलेलें असे.

मेसोपोटेमियांत कुतच्या वेढ्यांत मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं तें ठाणें पडलें. त्या मोहिमेंत ज्यांची थडगीं सांपडलीं नाहींत, अशा ४०,००० हून अधिक लोकांचें स्मारक १९२९ सालीं बसऱ्यास उभें राहिलें. त्यावर इंग्रज शिपायांचीं नांवें कोरलीं, हिंदी अंमलदारांचींही कोरलीं. हिंदी शिपायांच्या वांट्यास मात्र पलटणीचें नांव आणि मृतांची संख्या एवढेंच आलें. असईचा आंकडा सव्वाशें वर्षांनीं पुन्हां दगडावर चढला! या विषमतेबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधि आयोगानें २०२१ सालीं क्षमा मागितली.

नाण्यावरील राजाची मुद्रा घांसून टाकून शिपायानें तेथें स्वतःचें नांव घातलें होतें. आपल्या घरच्या जुन्या पेटींत असें एखादें गुळगुळीत, भोंक पाडलेलें नाणें निघालें, तर मोडींत घालण्यापूर्वीं तें उजेडांत धरा आणि त्यावरील अक्षरें एकदां मोठ्यानें वाचा.