कागद कुणापाशी थांबला? : कार्यालयीन वेळेच्या अभ्यासाची प्रस्तावना

कामाच्या वेळेचा अभ्यास म्हटला की फ्रेडरिक टेलर आणि त्याचे 1911चे पुस्तक आठवते. तिथे काम कारखान्यातले. हात चालले की थांबले ते दिसते. या विषयात नव्याने येणाऱ्याने मात्र अंबडसारख्या तालुक्याच्या गावापासून सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. इथले काम कागदाचे, आणि थांबलेला कागदही कामात असल्यासारखाच दिसतो.

शहागडकडच्या एखाद्या शेतकऱ्याचे खरेदीखत घ्या. फेरफार गाव नमुना 6 मध्ये नोंदला जातो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी 15 दिवस सोडावे लागतात. हे दिवस कायद्याचे. त्यांत कुणाची कुचराई नाही. हरकत आली नाही तर सोळाव्या दिवसापासून तोच कागद मंडळ अधिकाऱ्यांच्या प्रमाणनासाठी थांबलेला असतो. शेतकऱ्याला दोन्ही वेळा एकच उत्तर मिळते: ‘सध्या फार काम आहे, पुढच्या आठवड्यात या.’ हे खोटे असते असे मुळीच नाही. अतिवृष्टीचे पंचनामे, मतदार याद्या, वरून मागवलेली तातडीची माहिती, सगळे त्याच माणसाच्या अंगावर येते. पण कागद नियमाने थांबला की आपल्यापाशी, हे त्या उत्तरातून कळत नाही. माझ्या मते या विषयाचा गाभा इथेच आहे.

आपल्या कचेऱ्यांतली सहा गठ्ठे पद्धत म्हणूनच मन लावून अभ्यासावी. नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायची कागदपत्रे हे चार गठ्ठे बाजूला ठेवले, तर उरतात दोन: प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन. प्रलंबित म्हणजे माझ्या हातून व्हायचे. प्रतीक्षाधीन म्हणजे दुसऱ्याच्या उत्तरावर अडलेले. हे दोन गठ्ठे प्रामाणिकपणे वेगळे बांधणे फार अवघड असते, कारण पहिल्यातला कागद एखादे स्मरणपत्र धाडून दुसऱ्यात सरकवता येतो. अनिलकुमार लखिना यांनी 1980च्या दशकात अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाची नवी घडी बसवली, तेव्हा दप्तर लावण्याला एवढे महत्त्व का दिले, ते यावरून उमगते.

पुढे कायदाही आला. विलंबास प्रतिबंध करणाऱ्या 2005च्या अधिनियमानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे 7 कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. 2015च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत घातली.

तरुण अभ्यासकांना इथे अजून पुष्कळ करण्यासारखे आहे. आवक नोंदवहीत कागद आल्याची तारीख असते, जावक नोंदवहीत गेल्याची. त्या कागदासाठी शेतकऱ्याने किती हेलपाटे घातले, किती दिवसांचा रोज बुडाला, याला त्यांत रकाना नाही. तो आधी आखावा, आणि मग कारकुनाच्या दिवसाचा हिशेब त्याच्याशेजारी मांडावा.