समुद्र नसलेल्यांची सफर

हैदराबादला तारनाक्यावर माझा एक मित्र राहतो. 1972 ते 1974 या काळात उस्मानिया विद्यापीठाच्या कला महाविद्यालयात इतिहासाच्या वर्गात आम्ही एका बाकावर होतो. मी देगलूरचा. तो हैदराबादेतच वाढलेला. घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि दोस्तांत दखनी. 1974 च्या मे महिन्यात परीक्षा आटोपून कोकणातली बेटे पाहायची असे आम्ही ठरवले होते. काचीगुड्याहून मनमाडला जाणाऱ्या मीटरगेज गाडीच्या तिकिटापुरते पैसेही जमले होते. आणि 8 मे रोजी देशभरच्या रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला. वीस दिवसांनी तो मिटला तेव्हा पाऊस तोंडावर आला होता. पावसात कोकणच्या समुद्रात होडी घालत नाहीत, एवढे आम्हां घाटावरच्यांनाही ठाऊक होते. सफर राहिली ती राहिलीच. पुढे नोकऱ्या, लग्ने, मुले, घरे.

यंदा गणपतीत त्याचा फोन आला.

"डॉक्टर म्हणतात, काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही. गेलेली नजर परत येत नाही म्हणे. तर येत्या उन्हाळ्यात जायचं. तू इतिहासाचा मास्तर, तू बेत आख."

मी नकाशा काढला, जुन्या वह्या काढल्या आणि बेत आखायला बसलो. त्या आखणीत जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. समुद्राची ओढ आम्हां दोघांना का, याचे उत्तर आमच्या मुलखाच्या इतिहासात आहे. आमचे आजे-पणजे ज्या राज्यात जन्मले आणि वारले, त्या निजामाच्या राज्याला समुद्र नव्हता. पूर्वेचा उत्तर सरकार हा किनारपट्टीचा मुलूख 1766 च्या तहाने इंग्रजांकडे गेला. पुढे 1802 च्या व्यापारी तहात मच्छलीपट्टणम बंदर वापरण्याची मुभा निजामाला मिळाली; पण मुभा वेगळी आणि मालकी वेगळी. इंग्रज जाणार हे दिसू लागल्यावर 1947 च्या सुमारास शेवटच्या निजामाने पोर्तुगीजांकडून गोव्यात बंदर मिळवण्याची खटपट केली, तीही फळाला आली नाही. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली आणि तो विषय संपला.

1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार राज्यरचना झाली. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, तारनाका आंध्र प्रदेशात. आम्ही दोघे तेव्हा चार वर्षांचे होतो. एका रात्रीत मला अरबी समुद्र मिळाला आणि त्याला बंगालचा उपसागर. कॉलेजात आम्ही यावर पुष्कळ विनोद केले. पण 2 जून 2014 रोजी तेलंगण वेगळे झाले, आणि त्या संध्याकाळी त्याने मला फोन करून एवढेच सांगितले, "मास्तर, माझा समुद्र पुन्हा गेला." तो हसत होता, तरी ते वाक्य माझ्या लक्षात राहिले.

तारनाक्याच्या माणसाला बेट अगदीच ठाऊक नाही असे मात्र नाही. इब्राहिम कुतुबशहाच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेल्या हुसेनसागरात एक खडक आहे आणि त्यावर बुद्धाची एकसंध दगडातली भव्य मूर्ती उभी आहे. 1990 च्या मार्चमध्ये ती तराफ्यावरून नेताना तराफा कलंडला, माणसे दगावली, मूर्ती तळाशी गेली. पुढे ती वर काढून 1992 च्या डिसेंबरात बसवली. मित्र म्हणतो, त्या खडकापर्यंत लाँचने जाऊन येणे हा त्याचा सराव. नातवाला घेऊन तो दोनदा जाऊन आला. होडीतून पायरीवर पाऊल टाकताना आता कडेचे दिसत नाही, म्हणून पाऊल कसे टाकायचे याचा तो सराव आहे, हे त्याने मला नंतर सांगितले.

आता बेत. देवगिरी एक्सप्रेसने तो हैदराबादेकडून यायचा, मी नांदेडला चढायचे. मुंबईहून लाँचने मांडवा, तिथून अलिबाग. पहिला मुक्काम तिथेच, कारण कुलाब्याच्या किल्ल्याला ओहोटीला चालत जाता येते. भरती-ओहोटीचा कोळ्यांचा हिशेब पंचांगावर चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास भरती, म्हणजे ओहोटी सकाळी नाहीतर संध्याकाळी सहाच्या सुमारास. आणि त्या दिवसांत पाणी मागेही पुष्कळ हटते. घरातले पंचांग आजवर मुहूर्त पाहण्यापुरते काढले, समुद्रासाठी पहिल्यांदाच उघडले.

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी आणि उंदेरी ही जोड बेटे आहेत. माझ्या दृष्टीने साऱ्या सफरीचे मर्म इथे आहे. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरीवर 1679 च्या ऑगस्टअखेर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी याने तट बांधायला घेतला. इंग्रज चवताळले. त्यांनी गलबते पाठवून बेटाला वेढा घातला, 18 ऑक्टोबरला मोठी लढाई झाली. बेटावर माणसे थोडी, तट अर्धवट. तरी बेट पडले नाही. कारण मराठ्यांच्या लहान, हलक्या होड्या रात्री वारा पडला की किनाऱ्यावरून निघत आणि इंग्रजांच्या जड जहाजांना चुकवून धान्य, दारूगोळा, माणसे पोचवत. जानेवारी 1680 मध्ये इंग्रजांनी तडजोड केली आणि खांदेरी महाराजांकडे राहिली. त्याच महिन्यात सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, ही त्या यशाला लागलेली बोच.

म्हणजे बेट लढले ते किनाऱ्याच्या जिवावर. हे एकदा ध्यानात आले की पुढची सारी बेटे तीच गोष्ट सांगतात.

रेवदंड्यावरून मुरुडला गेले की समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह म्हणून महाराजांनी कासा बेटावर तो उभारला. 1670 च्या दशकातले महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने पद्मदुर्गाला ठरलेला पैसा आणि रसद वेळेवर पोचवली नाही, म्हणून महाराजांनी त्याची कडक शब्दांत खरडपट्टी काढली आहे. तट कितीही मजबूत असो, किनाऱ्यावरचा एक कारकून आळसावला तर बेट उपाशी मरते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मी तीस वर्षे मुलांना किल्ल्यांच्या तटांची उंची शिकवली. या पत्राला वर्गात पाच मिनिटेही दिली नाहीत, हे आज खटकते.

त्याच्या समोर जंजिरा. इथे आमचा वाद झाला. मी फोनवर म्हणालो, "जंजिरा शेवटी पाहू, वेळ उरला तर. आपला कधी झालाच नाही तो." मित्र जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आपला म्हणजे कुणाचा रे? जंजिरा हा शब्द तरी कुठला? अरबी जझीरा, म्हणजे बेट. तो तुझ्या मराठी दफ्तरात इतका मुरला की सुवर्णदुर्गालाही जंजिरे सुवर्णदुर्ग लिहायचे. आणि सिद्दी म्हणशील तर माझ्या शहरात ए.सी. गार्ड्स नावाची वस्तीच आहे. आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स, निजामाचे हबशी घोडेस्वार. त्यांची नातवंडं आमच्या गल्लीत क्रिकेट खेळायची."

त्याचे म्हणणे मला मान्य करावे लागले. जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे अहमदनगरच्या निजामशाहीचे चाकर. ही निजामशाही हैदराबादच्या निजामाहून वेगळी आणि जुनी. तिचा वजीर मलिक अंबर हाही हबशी. 1610 मध्ये त्याने वसवलेली खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. आमच्या मराठवाड्याची राजधानी ज्याने वसवली त्याला आम्ही आपला म्हणतो, आणि त्याच्याच मुलखातून आलेल्या दर्यावर्द्यांना परका. निजामशाही 1636 मध्ये संपल्यावर सिद्दी विजापूरकरांकडे गेले, आणि 1670 नंतर मोगलांकडे.

जंजिरा अजिंक्य राहिला याचे श्रेय बहुधा त्याच्या तटाला आणि कलालबांगडी तोफेला दिले जाते. ते खरेच, पण पुरते नाही. मराठ्यांनी समोरचे दंडा-राजपुरी घेतले की सिद्दीची कोंडी होई. पण त्याला मोगलांचा पैसा मिळे आणि त्याच्या आरमाराला पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात इंग्रजांच्या आश्रयाने राहता येई. म्हणजे त्याचाही एक किनारा होता, फक्त तो समोर नव्हता, दूर होता. संभाजी महाराजांनी 1682 मध्ये खाडीत दगडांचा सेतू टाकून बेटालाच किनाऱ्याशी जोडायचा घाट घातला. मोगल फौज कल्याणकडे उतरल्याने त्यांना परतावे लागले. 1733 च्या मोहिमेत बाजीरावाने सिद्दीचा बराच किनारा जिंकला, बेट मात्र राहिले. ते संस्थान 1948 मध्ये विलीन झाले. हैदराबादचेही वर्ष तेच.

बेत बदलला. जंजिऱ्याला एक पूर्ण दिवस दिला.

आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून दक्षिणेला जायचे, हर्णैला सुवर्णदुर्ग पाहायचा. हे बेट मला सर्वांत दुःखद वाटते. कान्होजी आंग्र्यांच्या पराक्रमाशी जोडलेला हा किल्ला 1755 च्या एप्रिलमध्ये पडला. समुद्रावरून इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तोफा डागल्या हे सर्वांना ठाऊक असते. पण किनाऱ्यावर त्या वेळी तुळाजी आंग्र्याविरुद्ध उभी होती ती पेशव्यांची फौज. बेटाचा स्वतःचाच किनारा उलटला होता. पुढच्याच वर्षी विजयदुर्गात आंग्र्यांचे आरमार जळाले आणि मराठ्यांच्या समुद्रावरच्या सत्तेचा कणा मोडला. दोष एकट्या पेशव्यांचा नव्हे, तुळाजीही कुणाला जुमानत नव्हता. पण घरातले भांडण मिटवायला बाहेरच्याचे जहाज बोलावले की जहाज परत जात नाही.

शेवटी मालवण. 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, आणि गडावर आजही काही कुटुंबे राहतात. राजाराम महाराजांच्या काळात उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर इथेच. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग ही आमच्या वाटेवरची तीन बेटे आहेत. पद्मदुर्ग आणि जंजिरा त्या यादीत नाहीत. आम्ही ते आमच्या यादीत ठेवले आहेत.

एक अडचण राहते, ती वेळेची. मे अखेरीस किल्ल्यांच्या होड्या बंद होतात, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र पुन्हा माणसाळतो. मित्राला ऊन सोसत नाही, पण ढगाळ उजेडात पायऱ्या दिसत नाहीत. म्हणजे लख्ख ऊनही हवे. पंचांग पाहून चैत्र पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरले. 1974 साली आम्ही मे धरला होता. या वेळी हाताशी थोडे जास्तीचे दिवस ठेवले आहेत. संप झाला तर पुढच्या गाडीने जाऊ.

परवा त्याने विचारले, "होडीतून उतरताना माझ्या डाव्या बाजूला कोण असेल? डावीकडचं अजिबात दिसत नाही आता."

मी म्हणालो, "मी असेन."

"पण तुझे गुडघे?"

"पायऱ्या तू मोज, हात मी धरतो."

तिकिटे साठ दिवस आधी निघतात. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर तांबड्या शाईने लिहून ठेवली आहे.