जुन्या मोटारीचा रास्त भाव

विजयादशमीच्या सायंकाळी सोने लुटण्याच्या सोहळ्यासाठी छत्रपतींची स्वारी ज्या मेबॅक मोटारीतून कोल्हापूरच्या दसरा चौकात येते, ती मोटार राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतील आहे. ती विकाऊ नसल्यामुळे तिच्यापुरता किमतीचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु तिच्या वैभवाची छाया पाठीशी घेऊन, ‘हीही संस्थानातलीच’ एवढ्या एका वाक्याच्या बळावर जेव्हा एखादी जीर्ण मोटार भरमसाट दामाने विक्रीस निघते, तेव्हा मागितलेला भाव रास्त आहे की नाही हे ठरविणे भाग पडते. आणि ते ठरवायचे तर त्या मोटारीचाच नव्हे, तर मोटारी बाळगणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या या नगराचाही गतकाळ जाणून घेतल्यावाचून गत्यंतर नाही, असे माझे निश्चित मत आहे.

मराठेशाहीच्या राज्यव्यवस्थेत अठरा कारखाने असत; फीलखाना, उष्ट्रखाना, जामदारखाना, तोफखाना अशी त्यांची रीतसर विभागणी होती आणि प्रत्येकाची मोजदाद दप्तरी ठेवली जाई. वाहन हे राजचिन्ह आहे आणि त्याचबरोबर हिशेबातील एक बाबही आहे, ही जाणीव त्या व्यवस्थेत मुरलेली होती. शाहू महाराजांची ‘खडखडा’ ही घोडागाडी कोल्हापूरकरांच्या स्मरणात अद्याप आहे; त्यांच्यामागून १९२२ साली गादीवर आलेल्या राजाराम महाराजांच्या काळात मात्र राजवैभवाचे वाहन म्हणून मोटारीने आपले स्थान पक्के केले.

मेबॅकचेच उदाहरण घेऊ. जर्मनीत १९०९ साली झेपेलिन हवाई जहाजांची इंजिने घडविण्यासाठी निघालेल्या या कंपनीने १९२१ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत सुमारे अठराशेच मोटारी तयार केल्या, आणि त्याही बहुधा केवळ चासी व इंजिन या स्वरूपात. वरचा सांगाडा गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे निराळे कारागीर चढवीत. त्या काळातील बहुतेक उंची मोटारींची हीच रीत होती, आणि भाव ठरविणाऱ्याने प्रथम ध्यानात घ्यावयाची गोष्ट हीच आहे. चासीचा जन्म एका ठिकाणचा आणि सांगाड्याचा दुसऱ्या ठिकाणचा असल्यामुळे, मध्यंतरी कोणी सांगाडा बदलला असेल तर मोटारीचे नाव तेच राहते, पण तिचे मोल तेच राहत नाही.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १९७१ साली संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. या दोन घटनांच्या दरम्यान आणि नंतरही देशभरच्या राजवाड्यांतून मोटारी बाहेर पडल्या. काही मिळेल त्या दामाने विकल्या गेल्या, काही परदेशी संग्राहकांनी नेल्या, आणि अखेरीस १९७०च्या दशकात सरकारला निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. हे फार उशिरा झाले याची खंत आजही वाटते. मात्र त्या निर्बंधांमुळे येथील बाजार विलायतेच्या बाजारापासून तुटला, हे विक्रेते सांगत नाहीत. लंडनच्या लिलावातील बोलीचा आकडा कोल्हापुरात पुढे करणे म्हणजे जी मोटार तेथे नेताच येत नाही तिला तेथला भाव लावणे होय.

सामान्य गृहस्थाच्या बाबतीत दाम निराळ्याच कारणाने विस्कटले. त्या काळात परदेशी मोटारींची आयात जवळजवळ थांबलेली, देशी फियाट किंवा अ‍ॅम्बॅसिडरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. त्यामुळे हाती असलेली वापरलेली गाडी नव्या गाडीच्या सरकारी किमतीहून अधिक दामाने, ‘ऑन’ देऊन, खपत असे. त्या टंचाईच्या आठवणीने आजही कित्येक मालक आपल्या फियाटचा भाव फुगवून सांगतात, पण ती टंचाई संपून दीर्घकाळ लोटला.

या सर्व उलथापालथीत मोटारी चालत्या राहिल्या त्या मिस्त्रींच्या हातांमुळे. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली चित्रपटाचा कॅमेरा ज्या गावात स्वतः घडविला, त्या गावाला यंत्राची भीती कधीच नव्हती. पुढे उद्यमनगर या येथील औद्योगिक वसाहतीतल्या लेथ आणि फाउंड्री यांनी परदेशी सुट्या भागांची उणीव भरून काढली. असा मुरलेला मिस्त्री मोटार तपासतो तेव्हा रंगाच्या झळाळीकडे पाहतही नाही. तो प्रथम चासीवरील आणि इंजिनच्या ब्लॉकवरील नंबर बोटाने चाचपतो. कानशीने घासून नवे आकडे ठोकले असतील तर तेथला पृष्ठभाग शेजारच्या ओतीव धातूहून गुळगुळीत लागतो. मग पत्र्यावर चुंबक फिरवितो, कारण जेथे लांबी थापलेली असेल तेथे चुंबकाची पकड ढिली पडते. परंतु हाताने घडविलेले जुने सांगाडे पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमचे असतात, त्यांना चुंबक मुळीच लागत नाही. तेव्हा तो टिचकी मारून आवाज ऐकतो आणि दार उघडून बिजागरीपाशी आतले लाकूड कुजले आहे का हे पाहतो. कोल्हापूरच्या पावसात उघड्यावर राहिलेल्या गाडीची खरी कहाणी त्या लाकडात असते.

एवढे झाल्यावर भावाचा हिशेब मांडता येतो, आणि तो मागितलेल्या किमतींवरून मांडू नये. तशाच गाडीचा सौदा प्रत्यक्षात कितीला तुटला, हे पाहावे. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करावा, आणि तो करताना हात आखडता घेऊ नये, कारण पूर्ण जीर्णोद्धाराचा खर्च पुष्कळदा गाडीच्या किमतीहून अधिक होतो. उद्यमनगरात ओतलेला एखादा भाग सापडला तर संग्राहक नाक मुरडतात. मला मात्र तो त्या मोटारीच्या चरित्रातील सन्मानाचा दाखला वाटतो, फक्त तो मूळचा म्हणून विकला जाऊ नये. २०२१च्या केंद्रीय नियमांनीही पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींना ‘व्हीए’ मालिकेतील निराळी नोंदणी देताना चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट घातली आहे. सारांश, जी गाडी या अटीत बसत नाही तिचा मालक जुनेपणाचा दाम मागू शकत नाही.

राहिला प्रश्न राजघराण्याच्या नावाचा. त्या नावासाठी अधिक पैसे द्यावेत, पण कागद पाहून: नोंदणीपुस्तकातील मालकांची अखंड साखळी, विक्रीची पावती, जुने छायाचित्र. संस्थानचे दप्तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात जतन झालेले आहे. परंतु विलीनीकरणानंतर मोटारी हातोहात कशा फिरल्या याची हकीकत गॅरेजांमधल्या तेलकट वह्यांतच असायची, आणि त्या वह्या मिस्त्रींच्या पश्चात रद्दीवाल्याकडे जातात. त्या मिळतील तेवढ्या गोळा करून कोणी तरी त्यांची फेरिस्त करावयास हवी.