एसआयपी ट्रंकमधील दोषनिदान

एसआयपी ट्रंक ही कार्यालयातील खाजगी दूरध्वनी यंत्रणा (पीबीएक्स) इंटरनेटमार्गे सार्वजनिक दूरध्वनी जाळ्याशी जोडणारी सेवा आहे. सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल (एसआयपी) या नियमावलीवरून तिला हे नाव मिळाले. या सेवेत अनेकदा अर्धवट बिघाड आढळतात: घंटी वाजते पण आवाज येत नाही, किंवा बाहेर कॉल लागतो पण बाहेरून येत नाही. कॉलची जुळणी आणि आवाजाचे वहन ही दोन कामे स्वतंत्र मार्गांनी होत असल्यामुळे असे घडते. म्हणून बिघाड कोणत्या मार्गात आहे हे ठरवणे, ही दोषनिदानाची पहिली पायरी मानली जाते.

पार्श्वभूमी

एकाच वेळी अनेक संभाषणे वाहून नेणाऱ्या सामायिक मार्गाला दूरसंचार क्षेत्रात ट्रंक म्हणतात. एसटीडी सेवा येण्यापूर्वी भारतात परगावच्या कॉलसाठी रूढ असलेला ‘ट्रंक कॉल’ हा शब्दही त्यावरूनच आला. मोठ्या कार्यालयांना पूर्वी पीआरआय ही डिजिटल वाहिनी घ्यावी लागे. भारत व युरोपात प्रचलित असलेल्या तिच्या ई-१ प्रकारात २.०४८ मेगाबिट प्रतिसेकंद क्षमतेवर एका वेळी ३० संभाषणे होतात. एसआयपीची पहिली प्रमाणित आवृत्ती १९९९ मध्ये आणि सध्याचा पायाभूत दस्तऐवज (आरएफसी ३२६१) जून २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ॲस्टरिस्क या मुक्तस्रोत प्रणालीमुळे साध्या संगणकावरही पीबीएक्स चालवणे शक्य झाले.

कार्यपद्धती

कॉल करणारी यंत्रणा ‘इन्व्हाइट’ हा संदेश पाठवते. समोरून १०० (प्रयत्न सुरू), १८० (घंटी वाजत आहे) आणि फोन उचलल्यावर २०० (स्वीकृत) असे प्रतिसाद येतात. शेवटी कॉल करणारी यंत्रणा ‘ॲक’ ही पोच देते. या संकेतनासाठी सामान्यतः ५०६० क्रमांकाचे पोर्ट आणि कूटबद्ध जोडणीसाठी ५०६१ वापरले जाते. आवाज कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पोर्टवर आणि कोणत्या कोडेकमध्ये पाठवायचा, हे याच संदेशांतून ठरते. प्रत्यक्ष आवाज मात्र आरटीपी या वेगळ्या प्रोटोकॉलने, वेगळ्या पोर्टवरून जातो. ॲस्टरिस्कमध्ये त्यासाठी सहसा १०००० ते २०००० ही पोर्टश्रेणी राखलेली असते.

संकेतनातील दोष

वायरशार्क किंवा एसएनग्रेप यांसारख्या साधनांनी संदेशांची देवाणघेवाण पाहता येते. इन्व्हाइटला काहीच उत्तर येत नसेल, तर फायरवॉल, चुकीचा पत्ता किंवा इंटरनेट जोडणी तपासावी लागते. उत्तर येत असेल, तर त्यातील संकेतांकच दोषाची दिशा दाखवतो.

- ४०१ किंवा ४०७: ओळख पटवण्याची मागणी. पहिल्या विनंतीनंतर हा प्रतिसाद येणे स्वाभाविक आहे; तो पुनःपुन्हा आल्यास वापरकर्तानाव किंवा पासवर्ड चुकीचा असू शकतो.
- ४०३: विनंती नाकारली. खात्याला परवानगी नसणे किंवा मान्य नसलेला कॉलर क्रमांक पाठवला जाणे, ही नेहमीची कारणे.
- ४०४: क्रमांक सापडला नाही. पुरवठादाराला +९१ सह क्रमांक हवा असताना यंत्रणा ० लावून पाठवते, अशा वेळी हा दोष दिसतो. बाहेरून येणाऱ्या कॉलच्या बाबतीत तो क्रमांक कोणत्याही एक्स्टेन्शनशी जोडलेला नसतो.
- ४८८: दोन्ही बाजूंना मान्य असा कोडेक नाही.
- ५०३: सेवा उपलब्ध नाही. पुरवठादाराकडील बिघाड किंवा एकाच वेळच्या कॉलची मर्यादा ओलांडणे, ही कारणे असू शकतात.

एकतर्फी आवाज

कॉल लागूनही एकाच बाजूचा आवाज ऐकू येत असेल, तर संकेतन ठीक असून दोष आवाजाच्या मार्गात असतो. बहुतेक कार्यालयांत पीबीएक्सला १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यासारखा खाजगी पत्ता असतो आणि राउटर त्याचे सार्वजनिक पत्त्यात रूपांतर करतो. पीबीएक्सने संदेशात खाजगी पत्ताच कळवला, तर पुरवठादाराने पाठवलेला आवाज तेथे पोहोचू शकत नाही. पीबीएक्समध्ये सार्वजनिक पत्ता व स्थानिक जाळ्याची श्रेणी नोंदवणे हा त्यावरील उपाय आहे. अनेक राउटरांमधील ‘एसआयपी एएलजी’ ही सुविधा संदेशातील पत्ते परस्पर बदलते व त्यामुळे गोंधळ वाढतो. म्हणून ती बंद ठेवण्याची शिफारस केली जाते.

ठरावीक वेळी तुटणारे कॉल

फोन उचलल्यानंतर सुमारे ३२ सेकंदांनी प्रत्येक कॉल तुटत असेल, तर ‘ॲक’ ही पोच समोर पोहोचत नसण्याची शक्यता मोठी असते. आरएफसी ३२६१ नुसार पोचेची वाट पाहण्याची ही कमाल मर्यादा आहे. १५ किंवा ३० मिनिटांनी तुटणारे कॉल सत्र-नूतनीकरणातील अडचण सुचवतात.

आवाजाची गुणवत्ता

जी.७११ कोडेकचा आवाज ६४ किलोबिट प्रतिसेकंद असला, तरी पॅकेटची शीर्षके धरून एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ किलोबिट लागतात. त्यामुळे १० समांतर कॉलसाठी जवळपास ०.९ मेगाबिट क्षमता मोकळी असावी लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास संभाषण सहसा सुरळीत होते. तुटक आवाजासाठी राउटरवर ध्वनी पॅकेटना प्राधान्य देणे उपयुक्त ठरते.

सुरक्षा आणि आणीबाणीचे कॉल

दोष शोधताना फायरवॉल सर्वांसाठी खुली करणे धोक्याचे असते. अशा यंत्रणा शोधून त्यांवरून महागडे आंतरराष्ट्रीय कॉल करण्याचे प्रकार घडतात आणि त्यांचे बिल ग्राहकावर पडते. म्हणून केवळ पुरवठादाराच्या पत्त्यांनाच प्रवेश दिला जातो.

डायलिंगच्या नियमांतील चूक जिवावर बेतू शकते. २०१३ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यातील एका हॉटेलात आईवर हल्ला होत असताना नऊ वर्षांच्या मुलीने ९११ हा क्रमांक चार वेळा फिरवला. परंतु बाहेरच्या ओळीसाठी आधी ९ दाबणे आवश्यक असल्याने कॉल लागला नाही. आईचा मृत्यू झाला. त्यानंतर २०१८ मध्ये झालेल्या ‘कारीज लॉ’ या कायद्याने अशा नव्या यंत्रणांतून ९११ थेट लागणे बंधनकारक केले. भारतातील ११२ या क्रमांकासाठीही पीबीएक्समध्ये असा थेट मार्ग ठेवणे हितावह असते. तांब्याच्या तारेवरील साध्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळे. एसआयपी ट्रंक मात्र कार्यालयातील वीज गेल्यास बंद पडतो. त्यामुळे पीबीएक्स आणि राउटर या दोन्हींसाठी पर्यायी वीजपुरवठा आवश्यक ठरतो.