घोस्ट मारण्याची कुळकथा

गणेशपुरीतल्या एखाद्या लॉजच्या काउंटरवरचा किंवा झेरॉक्सच्या दुकानातला संगणक बसला, की सीपीयू पिशवीत घालून भिवंडी गाठायची. दुरुस्तीवाला मान हलवायचा. ‘विंडोज उडालंय. घोस्ट मारून देतो, संध्याकाळी या.’ त्या काळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही हीच भाषा. विंडोज, ड्रायव्हर, प्रोग्राम यांच्यासकट अख्ख्या डिस्कची इमेज करून ठेवायची आणि गरज पडली की ती जशीच्या तशी उतरवायची, असा हा प्रकार.

त्याचा पूर्वज युनिक्समधला. 1970च्या दशकापासून तिथे ‘डीडी’ नावाची आज्ञा आहे. आजच्या लिनक्सवरही चालते. तिला ना फाइल कळते, ना फोल्डर. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जे असेल ते ती उचलते आणि सांगाल तिथे ओतते. ‘आयएफ’पुढे कुठून ते लिहायचं, ‘ओएफ’पुढे कुठे ते. या दोन नावांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढते, आणि ही बया ‘खरंच का?’ असंही विचारत नाही. शिवाय 40 जीबीच्या डिस्कवर पाचच जीबी भरलेले असले तरी प्रत निघणार 40 जीबीचीच.

यावर तोड काढली न्यूझीलंडमधल्या मरे हॅझर्डने, 1990च्या दशकाच्या मध्यावर. ऑकलंडच्या बायनरी रिसर्च या कंपनीतलं त्याचं ‘घोस्ट’ डिस्कची मांडणी वाचायचं, भरलेला भाग तेवढा उचलायचं आणि आवळून फायलीत ठेवायचं. उतरवताना डिस्क लहान-मोठी असली तरी जमवून घ्यायचं. 1998 मध्ये सिमँटेकने ते विकत घेतलं.

पण घोस्टचं पहिलं मोठं गिऱ्हाईक डेटा गेला म्हणून रडणारा माणूस नव्हता. एकसारखे पन्नास संगणक एका दिवसात उभे करायचे असलेली कार्यालयं आणि शाळा त्याच्या दारात होत्या. इमेजचा मूळ धंदा छपाईचा. राखणीचं काम तिच्या गळ्यात नंतर पडलं. आपल्याकडच्या फजितीचं कारण मला तरी यातच दिसतं. दुरुस्तीवाल्याकडची इमेज त्याची असायची, आपली नव्हे. विंडोज अर्ध्या तासात ताजंतवानं व्हायचं, डेस्कटॉपवरची बिलं आणि फोटो मात्र गायब. मदरबोर्ड वेगळ्या जातीचा निघाला तर सुरू होतानाच निळा पडदा. काही जण स्वतःची इमेज करायचे आणि त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवायचे. डिस्क मेली की इमेजही गेली.

सुरुवातीला इमेज काढण्यासाठी संगणक डॉसच्या फ्लॉपीवरून उठवावा लागे, कारण चालू विंडोजच्या उघड्या फायली स्थिर राहत नाहीत. एक्सपीच्या सुमारास ‘शॅडो कॉपी’ आली आणि काम न थांबवता इमेज निघू लागली. व्हिस्टापासून इमेज काढायची सोय विंडोजच्या पोटातच आली. 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा विकास थांबवला. तरी विंडोज 10 च्या कंट्रोल पॅनेलमध्ये ती ‘विंडोज 7’ असं जुनं नाव लावून बसलेली आहे.

बॅकअपची पुढची एक पिढी आपल्या पुण्यातली. बॅकअपच्या धंद्यातल्या व्हेरिटासचं मोठं केंद्र तिथे होतं. त्या वर्तुळातून बाहेर पडलेल्या मिलिंद बोराटे, जसप्रीत सिंग आणि रमणी कोथंडरमन यांनी 2008 मध्ये द्रुवा काढली. शंभर लॅपटॉपवर डेटाचा तोच तुकडा असेल तर तो साठवायचा एकदाच, हे तंत्र त्यांनी लॅपटॉपच्या बॅकअपसाठी वापरलं.

घरच्या संगणकाला एवढ्या थाटाची गरज नाही. इमेज बाहेरच्या डिस्कवर घ्या, रिकव्हरीचा पेनड्राइव्ह बनवा आणि संगणक धडधाकट असतानाच एकदा त्या पेनड्राइव्हवरून सुरू करून आपली इमेज यादीत दिसते का, ते बघा. दिसली नाही, तर आजच नवी घ्या.