ढमढेरे, डीबगर आणि मूर्तिजापूरचा फोन

अमरावतीच्या आमच्या हॉस्टेलवर ढमढेरे म्हणजे माणूस नव्हे, पुस्तक. सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगचं. "ढमढेरे वाचला का बे?" हा पेपरच्या आदल्या रात्रीचा ठरलेला प्रश्न. लेखक धनंजय ढमढेरे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक होते, आणि आपण नोकरीत ज्या दुखण्याला रोज कावतो त्यावर त्यांचा एक शोधनिबंध आहे, हे मात्र तेव्हा कोणी सांगितलं नाही.

दुखणं ओळखीचंच. डीबग बिल्डमध्ये प्रोग्रॅम शहाण्यासारखा चालतो, ओ-टू लावला की कोसळतो. डीबगर लावावा तर व्हेरिएबलच्या जागी 'ऑप्टिमाइझ्ड आउट', आणि कर्सर ओळ ४० वरून ४३, मग परत ४१!

हे आजकालचं नाही. आयबीएमचा फोर्ट्रान कंपायलर १९५७ साली आला. हातानं लिहिलेल्या कोडइतकं वेगवान काही निघालं नाही तर कोणी वापरणार नाही, ही जॉन बॅकस यांना धास्ती. म्हणून ऑप्टिमायझेशन पहिल्या दिवसापासून. बाहेर पडलेला कोड इतका उलटापालटा असे की तो पाहणाऱ्यांना वाटे, कंपायलरच चुकला.

कंपायलर नेमकं करतो काय? समजा बाबांनी सांगितलं: अकोल्यात पेढे घे, मूर्तिजापूरला उतरून पाकीट दे, मग अमरावतीला काकूंकडे जा. तुम्ही म्हणता, पेढे लागणार अमरावतीत, आतापासून ओझं कशाला? बडनेऱ्याला घेऊ. काकूंच्या हाती पेढे पडले, निकाल तोच. पण मूर्तिजापूरला बाबांचा फोन आला, "पेढे घेतले ना?" तर काय सांगणार? तो फोन म्हणजे ब्रेकपॉइंट. बाबांच्या यादीप्रमाणे पेढे हातात हवेत, प्रत्यक्षात नाहीत.

व्हेरिएबलची खरी किंमत आणि सोर्स कोडनुसार अपेक्षित किंमत जुळते का, हा प्रश्न जॉन हेनेसी यांनी १९८२ साली नीट मांडला. (हो, पुढे मिप्स काढणारे तेच.) अडचण अशी की कोड नुसता वाचून कधीकधी उत्तर मिळतच नाही, प्रोग्रॅम इफमधून आला की एल्समधून, यावर ते ठरतं. तेव्हा डीबगरनं बिचाऱ्यानं 'किंमत संशयास्पद आहे' एवढंच म्हणायचं.

ढमढेरे आणि शंकरनारायणन यांचा निबंध १९९८ सालचा, एसीएमच्या टोप्लास या नियतकालिकातला. त्यांचं म्हणणं, प्रोग्रॅम ब्रेकपॉइंटला ज्या वाटेनं आला तीच वाट बघा ना! पण वाटेवरची प्रत्येक पायरी नोंदवायची तर प्रोग्रॅमची गोगलगाय होईल. म्हणून लूप गरजेपुरताच उलगडायचा आणि तयार होणाऱ्या छोट्या आलेखावर विश्लेषण करायचं. तेवढं पुरतं हे त्यांनी सिद्धही केलं, शिवाय हरवलेली किंमत परत मिळवायलाही त्याची मदत होते हे दाखवलं. मला यातला साधेपणा फार आवडतो.

इथवर निकाल तरी तोच राहतो. भाषेचे नियम मोडले की मात्र तीही हमी संपते. २००९ साली लिनक्स कर्नलच्या टन ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल आहे का हे नंतर तपासलं होतं. जीसीसीनं विचार केला: वापरला, म्हणजे नल नसणारच, मग तपासणी कशाला? काढून टाकली. सोर्समध्ये ओळ डोळ्यांसमोर, बायनरीत पत्ता नाही, आणि हल्लेखोराला थेट कर्नलमध्ये शिरायला वाट. पुढे ही तपासणी काढू नये म्हणून कर्नल खास फ्लॅग लावून बांधायला लागले. कोणी जीसीसीला शिव्या घातल्या, पण माझ्या मते चूक कोड लिहिणाऱ्याचीच.

२०१३ साली जीसीसी ४.८ मध्ये ओ-जी आला: डीबगिंगला त्रास होणार नाही तेवढंच ऑप्टिमायझेशन. आपल्या टेबलावर उत्तम. पण ग्राहकाकडे जातो तो ओ-टूच, आणि रात्री दोनला कोअर डम्प येतो तोही त्याचाच.